पाहुणे, ओहोटीला या

माझी आई मालवणची. सगळा जन्म गिरणीच्या चाळीत काढला, आता बोरिवलीला माझ्याकडे असते, आणि अजून अधूनमधून विचारते, "गो बाय, आमदार म्हणजे तू नक्की करतंस तरी काय?" हे ती विचारते तेव्हा बाहेरच्या खोलीत माणसं खोळंबलेली असतात, चहाचं आधण तिसऱ्यांदा चढलेलं असतं आणि माझा फोन हाताला चटका देत असतो. मी म्हणते, आई, नंतर सांगते. ती म्हणते, म्हणजे तुकाच ठावक नाय.

खोटं कशाला बोलू, काही दिवशी मलाही माहीत नसतं. सकाळी एक बाप येतो, मुलीला कॉलेज लांब घाटकोपरला लागलंय, जवळचं मिळवून द्या म्हणतो. त्याच्या मागे एक आजी, तिला गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख हवी असते. मग एका सोसायटीचे लोक येतात, बसथांबा आमच्या गेटसमोरून हलवा म्हणून. ते जिना उतरतात न उतरतात तोच समोरच्या सोसायटीचे येतात, थांबा आमच्याकडे आणलात तर बघा म्हणून. दोघांनाही चहा पाजायचा आणि दोघांनाही "बघते" म्हणायचं. ह्या "बघते"वर माझा अर्धा कारभार चालतो.

अधिवेशन सुरू झालं की वेगळीच धांदल. तिथे खताची टंचाई, दुधाचे भाव, कोसळलेल्या शाळा, डॉक्टर नसलेली आरोग्य केंद्रं, सगळं राज्य एका छताखाली भांडत असतं. मला ते फार आवडतं. हो, आवडतं, लपवायचं काय त्यात? उभं राहून बोलायला मिळालं की माझ्या अंगात वारं शिरतं. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा शेतीवरच्या चर्चेत मी नाव दिलं, तर मागच्या बाकावरचे एक ज्येष्ठ सदस्य हसत म्हणाले, ताई, तुमच्या बोरिवलीत कुंडीतली तुळस सोडून काय पिकतं? मी म्हटलं, वांगी पिकतात, मुळा पिकतो, मिरची पिकते, या एकदा, पाटी डोक्यावर देते. त्यांना खरं वाटेना. खाडीच्या पलीकडे माझ्याच मतदारसंघातलं एक गाव आहे, अर्धं मासेमारीवर आणि अर्धं भाजीपाल्यावर जगणारं, हे मुंबईत राहणाऱ्या कितीतरी लोकांनाही माहीत नसतं. आणि मी जे सांगणार आहे ते ह्या गावाचंच आहे.

गावाला रस्ता आहे, पण तो इतका वळसा घेऊन येतो की रिक्षात बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात. म्हणून सगळे बोटीने जा-ये करतात. अलीकडे आमच्या बाजूला जेट्टी लांब आहे. पलीकडची, गावाची, आखूड. भरतीला पाणी तिच्या पायऱ्यांना लागतं आणि बोट गुमान येऊन टेकते. ओहोटीला पाणी मागे सरतं, बोट लांबच अडकते, आणि मधे राहतो तो नुसता चिखल. पोटऱ्या गिळणारा, कधी गुडघ्यापर्यंत. गावकऱ्यांचं एवढंच मागणं, जेट्टी पुढे न्या.

एवढं सोपं काम, असं मलाही वाटलं होतं. मी सभागृहात प्रश्न टाकला. छापील उत्तर आलं, "हे खरे नाही." दुसऱ्या अधिवेशनात पुन्हा टाकला. बंदर खात्याने माणसं पाठवली, पाहणी झाली, उत्तर आलं, जेट्टीपाशी पुरेसे पाणी असल्याचे आढळले. तिसऱ्या वेळी मात्र माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, अध्यक्ष महोदय, खात्याला चिखल आणि पाणी यातला फरक कळत नसेल तर मी बाटलीत भरून आणते. गोंधळ झाला, अध्यक्षांनी मला बसायला सांगितलं, मी बसले नाही, मग शेजारच्या ताईंनी पदर ओढून बसवलं. घरी आले तर आई म्हणाली, टीव्हीवर दिसलंस, साडी चांगली होती.

पण पाहणीला गेलेले अधिकारी खोटारडे होते म्हणावं, तर त्यातला एक मला चांगला ठाऊक होता. सरळ माणूस. त्याने शपथेवर सांगितलं, मॅडम, बोट थेट पायऱ्यांना लागली, आमच्या बुटाला थेंबभर चिखल लागला नाही. आणि गंमत म्हणजे मी स्वतः त्या गावात कितीदा गेले होते. प्रचाराला, सत्काराला, हळदीकुंकवाला. मीही कधी चिखलात उतरले नव्हते. चिखलाचं सगळं ऐकीव! मला कळेना, यात वेडं कोण बनतंय आणि बनवतंय कोण.

ते कळलं एका मावशीमुळे. ती ह्या गावची, बोरिवलीच्या बाजारात मासळी विकते. माझी तिची ओळख मी साधी कार्यकर्ती होते तेव्हापासूनची. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. तिची सून गरोदर होती. आदल्या खेपेला ही पोरगी चिखलातून बोटीकडे जाताना घसरून पडली होती आणि तिचं बाळ गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते, त्यात रक्तदाब वाढलेला. मी इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंशी बोलले होते, त्यांनी दर आठवड्याला तपासायला बोलावलं होतं. आणि एके दिवशी डॉक्टरीणबाईंचाच फोन आला, तुमची पेशंट येतच नाही हो, अशाने कसं व्हायचं?

माझा पारा चढला. एवढी खटपट करायची, आणि ह्यांना किंमत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले ती कुणाला न कळवता, गाडी नको, बरोबर माणसं नकोत, सरळ बोटीत जाऊन बसले. पौर्णिमा नुकतीच झाली होती. मावशीला चांगली झापायची, हे एवढंच डोक्यात होतं.

बोट गावाच्या अलीकडेच थांबली. मला वाटलं इंजिन बंद पडलं. तोवर बाकीची माणसं साड्या खोचून, पँटी वर करून पटापट खाली उतरायला लागली. नावाडी माझ्याकडे बघून असा दचकला की जसं काही मी चोरी करताना पकडलं त्याला. "ताई, तुमी कशाला आले? सांगायचं ना," म्हणाला. मी उतरले. पहिल्याच पावलाला चप्पल गेली. दुसऱ्या पावलाला मी.

कुणीतरी दंडाला धरून उभं केलं. समोरून भाजीवाल्या येत होत्या, डोक्यावर पाट्या, मान ताठ, पाय अंदाजाने टाकत. त्यांच्या मागे कॉलेजच्या पोरी, दप्तर पोटाशी, बूट हातात, युनिफॉर्म गुडघ्यापर्यंत माखलेला. एक पोरगी मला बघून म्हणाली, ताई, पहिलं लेक्चर आमचं नेहमीच बुडतं, पाय धुण्यात. आणि हसली. मला हसू येईना. मी साडीचा चिखल निथळत मावशीच्या दारात पोचले तेव्हा झापण्याइतका दमही उरला नव्हता.

सून ओसरीवर बसली होती. तिला विचारलं, का गं बाई, डॉक्टरकडे का जात नाहीस? तिने सरळ सांगितलं. सकाळी ओहोटी असली की ती चिखलात पाय घालत नाही. बसून राहते. पाणी चढून बोट जेट्टीला लागेपर्यंत इतका उशीर होतो की इस्पितळात केसपेपरची खिडकी बंद. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस आले की सकाळी हमखास असंच. ती म्हणाली, "एकदा पडले, आता नाय."

मी मावशीकडे वळले. मी इतक्या वेळा आले, मला कधी हे का नाही दाखवलंत? मावशीने माझ्यापुढे पाण्याची बादली ठेवली आणि जगातली सगळ्यात साधी गोष्ट सांगावी तशी सांगितलं. पाहुणा यायचा असला की गावातून आधी निरोप जातो, कुठल्या वेळेला यायचं ते. भरती बघून वेळ देतात. आमदार असो, साहेब असो, नवरदेवाकडची माणसं असोत. पाहुण्याचे पाय चिखलात गेले तर गावाची काय अब्रू राहिली? पाहणीवाल्या साहेबांनाही गावच्या पाटलांनीच फोन करून सांगितलं होतं, दुपारी बारा-साडेबाराला या, ऊन आहे पण पाणी भरलेलं असेल.

म्हणजे बघा! चिखलाची तक्रार करायची, आणि चिखल बघायला माणूस आला की त्याला चिखल दिसू द्यायचा नाही! मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. मला रडू आलं, हसू आलं, आणि खरं सांगते, भयंकर आनंदही झाला, कारण इतके दिवस न सुटलेलं कुलूप खटकन उघडलं होतं. मी मावशीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता पाटलांना बोलाव, सगळ्यांना बोलाव. मी ह्या वेळी मंत्र्यालाच आणते, आणि आणते ते भर ओहोटीला.

देवळासमोर माणसं जमली. गावचे पाटील म्हणजे कोळीवाड्यात ज्यांचा शब्द चालतो ते वयस्कर गृहस्थ, मोठे शांत, मोठे हट्टी. मी माझा बेत सांगितला, मारे हातवारे करून. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ताई, बाकी काय बी सांगा. आमचे गावान पावन्याचे पाय चिखलान नाय जात." मी समजावलं. मी भांडले. मी म्हटलं, अहो पाटील, मग जन्मभर बसा चिखलात. भाजीवाल्यांतल्या दोघीतिघी माझ्या बाजूने बोलल्या. जुने लोक पाटलांच्या बाजूने. एक म्हातारेबुवा म्हणाले की मंत्री घसरला आणि त्याचं काही मोडलं तर गावाचं नाव पेपरात येईल. मी म्हटलं, येऊ दे, निदान नाव तरी येईल. पाटील ढिम्म.

तेवढ्यात मावशीची सून, जी मागे खांबाला टेकून उभी होती, ती पुढे आली. चार माणसांत बोलणारी नव्हे ती.

"माझे पोटान हाय तो बी पावनाच हाय. तो येल तवा भरती हाय का ओहोटी, कोन बघनार?"

मावशीने तोंडाला पदर लावला. आदल्या खेपेचं सगळ्यांना ठाऊक होतं, तिला चिखलातून उचलून आणणाऱ्यांत पाटील स्वतः होते. ते मला म्हणाले, आणा तुमच्या मंत्र्याला, कधी आणायचा तो.

आता मंत्री मिळवायचा! ह्या खात्याचे मंत्री एका दुष्काळी तालुक्यातले. त्यांचा समुद्राशी संबंध म्हणजे जुहूला कधीतरी खाल्लेली भेळ. ते स्वतःच एकदा तसं मला म्हणाले होते, मला बंदर खातं देणं म्हणजे माशाला बैलगाडी देणं आहे. मी त्यांना लॉबीत गाठलं, कँटीनमध्ये गाठलं, लिफ्टमध्ये गाठलं. लिफ्टमध्ये माणूस पळून कुठे जाणार? मी म्हटलं, साहेब, फक्त एक सकाळ द्या. त्यांचे पीए मधे पडले, अकराची वेळ देऊ या. मी म्हटलं, अकरा नको, सातच्या आत. पीएचा चेहरा पडला. पण मंत्री शेतकरी माणूस, पहाटे उठणारा. म्हणाले, चालेल की, नाहीतरी मुंबईत सकाळी करायला काय असतं. मी कॅलेंडर काढून अमावास्येनंतरची सकाळ दाखवली. त्यांना वाटलं काही मुहूर्त वगैरे आहे. मी म्हटलं, मुहूर्तच आहे.

ती सकाळ उजाडली. आम्ही बोटीत होतो, मंत्री, त्यांचे पीए, खात्याचे बडे अधिकारी आणि मी. पाणी पार ओसरलेलं, अगदी मनासारखं. चिखल लांबवर पसरलेला, त्याच्यावर बगळे. मी आतल्या आत नाचत होते. बोट थांबली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, साहेब, आता बघा. आणि मग मी स्वतः बघितलं.

बोटीपासून थेट जेट्टीपर्यंत फळ्या घातलेल्या होत्या. नीट, एकाला एक जोडून, खाली खुंट मारून. होड्यांच्या फळ्या, दारं, कुणाच्या तरी घरचा पाटसुद्धा. वर तागाची पोती अंथरलेली. आणि फळ्यांच्या बोटीकडच्या टोकाला पाटील हार घेऊन उभे, त्यांच्या बाजूला हात असलेली एक खुर्ची, तिला दोन्हीकडून बांबू बांधलेले. फळ्यांवरूनही चालायला नको वाटलं तर मंत्र्याला उचलून न्यायची सोय!

मेले. संपलं सगळं. वाट लागली. अधिकारी खूश होऊन म्हणाले, व्यवस्था तर उत्तम दिसते. मला त्या पाटलांना तिथेच चिखलात बुडवावंसं वाटलं. देवळासमोर शब्द दिला होता ना? दिला होता, पण पहाटे उठून अंधारात त्यांच्याच्याने राहवलं नाही, हे मला नंतर कळलं. ते एकटे नव्हते. ज्या माझ्या बाजूने भांडल्या होत्या त्या सुद्धा फळ्या वाहायला आल्या होत्या.

मंत्री फळीवर उतरले. दोन पावलं टाकली आणि थांबले. कारण फळ्यांच्या बाजूला, चिखलात, भाजीवाल्या उभ्या होत्या. मंत्र्याला वाट द्यायची म्हणून त्या फळीवरून बाजूला झाल्या होत्या, डोक्यावर पाट्या तशाच, गुडघ्यापर्यंत रुतलेल्या. मंत्र्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग फळ्यांकडे, मग पाटलांकडे. तिथूनच विचारलं, ह्या फळ्या रोज असतात का?

अधिकाऱ्यांनी पाटलांकडे असं बघितलं की हो म्हणा आणि मोकळे व्हा. पाटलांना हो म्हणणं किती सोपं होतं. गावाची शोभा राहिली असती, साहेब खूश झाले असते. पण खोटं बोलणं त्यांना पाहुण्याला चिखलात उतरवण्याहून जड गेलं असावं.

"नाय साहेब," ते म्हणाले. "आज घातल्या. भरतीन वाहून जातील. तुमी पावने, म्हनून."

आणि ती खुर्ची? मंत्र्यांनी विचारलं. पाटलांनी तेही सांगितलं. आजारी माणसाला आणि बाळंतिणीला बोटीपर्यंत न्यायला ठेवलेली खुर्ची ती. आज धुऊन आणली होती.

मंत्र्यांनी फळीवर बसून पायातल्या चपला काढल्या, पायजमा वर दुमडला आणि फळी सोडून बाजूला चिखलात उतरले. पीए "साहेब, साहेब" करत राहिले. पहिलं पाऊल गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याला ते असे काही डगमगले की आधाराला हात गेला तो थेट एका भाजीवालीच्या पाटीवर. पाटी कलली, वांगी चिखलात धडाधड गडगडली. त्या बाईने कपाळाला आठ्या घातल्या, मंत्री-बिंत्री न बघता म्हणाली की पाय उचलून टाक की रे बाबा, ओढतोस काय. त्यावर मंत्रीच हसायला लागले. त्यांनी तिचा हात धरला. म्हणाले, आमच्याकडे विहिरीतला गाळ काढायला उतरलं की असंच होतं, पण तो वर्षातनं एकदा. मग ती पुढे, मंत्री मागे, असे ते जेट्टीपर्यंत गेले. मी मागून चालले. अधिकारी फळीवर उभे होते, त्यांनाही शेवटी उतरावं लागलं, आणि खरं सांगते, त्यांचे बूट चिखलात रुतल्याचा तो आवाज ऐकून माझ्या जिवाला जो गारवा मिळाला तो कशानेच मिळाला नसता.

जेट्टीवर मावशीची सून उभी होती. पोट आता चांगलं दिसत होतं. मंत्र्यांनी तिला विचारलं, बाई, तुम्ही कशा जाता? ती म्हणाली, "जात नाय. पानी येयची वाट बघते." मंत्र्यांनी मग दिवस किती राहिलेत ते विचारलं. मावशीने बोटांवर हिशेब केला आणि सांगितला. अधिकारी पुढे झाले, जेट्टी लांबवायचा प्रस्ताव तयार करू, नकाशे, परवानग्या, निविदा. मंत्री चिखलाच्या पायांनी पायरीवर बसले होते. म्हणाले, ते कराच, पण ते व्हायच्या आत ह्यांचं पोरगं शाळेत जायला लागेल. लवकर काय होईल ते सांगा. तेव्हा कुठे तरंगत्या जेट्टीचा विषय निघाला, म्हणजे पिंपांवर बांधलेला रुंद तराफा, जो पाण्याबरोबर वर येतो, पाण्याबरोबर खाली जातो आणि बोटीपासून गावाच्या पायऱ्यांपर्यंत पूल होऊन राहतो. दुसऱ्या एका बंदरात असा एक पडून होता. मंत्री म्हणाले, पडून आहे ना? मग उचला आणि आणा.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. तराफा निघाला की नाही, ओढायला बोट मिळाली की नाही, साखळ्या आल्या की नाही, दिवसातून किती फोन केले असतील देव जाणे. त्या काळात बसथांब्याचे दोन्ही सोसायटीवाले येऊन गेले, मी त्यांना काय आश्वासन दिलं मला अजून आठवत नाही. अधिवेशन सुरू झालं. मी सभागृहात शाळांच्या दुरुस्तीवर बोलत होते आणि मनात चाललं होतं की साखळ्या. आई म्हणाली, जेवताना तरी तो फोन ठेव. मी म्हटलं, आई, एक पोर यायचंय. ती चमकून माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा तिला सगळं समजावून सांगावं लागलं.

तराफा आला, बसला. मी बघायला गेले नाही, सभागृह चालू होतं. मावशीने फोन करून सांगितलं की पोरं त्याच्यावर उड्या मारतायत आणि पाटील त्यांना ओरडतायत. माझ्या मनात मात्र एकच, बाईचे दिवस भरले आहेत. रक्तदाब अजून वरखाली. अमावास्या पुन्हा आली होती.

त्या सकाळी आमचा प्रश्नोत्तराचा तास होता. मी बाकावर बसलेले, फोन मुका करून मांडीवर. समोर शेतीपंपांवर खडाजंगी. मांडीवर फोन थरथरला, मावशी. पुन्हा थरथरला. मी उठले, मान वाकवून लॉबीत धावले. धावले म्हणजे अक्षरशः धावले, सुरक्षा रक्षक बाजूला झाला.

मावशी रडत होती. मला आधी वाटलं झालं, संपलं. मग शब्द कळायला लागले. पहाटेच सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. पाटलांनी खुर्ची काढली होती, चार माणसं तयार होती. सुनेने खुर्चीत बसायला नकार दिला. मावशीचा हात धरून ती तराफ्यावरून बोटीपर्यंत गेली. डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या. मुलगी झाली. दोघी ठीक.

"आमी तिला उचलली नाय गो ताई," मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. "ती चालत गेली. माजी सून चालत गेली."

मी लॉबीतल्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि भोकाड पसरून रडले. आमदार, साडी, ओळखपत्र गळ्यात, आजूबाजूला पत्रकार, काही पडलेलं नव्हतं मला. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला निवडून आले त्या दिवशीही झाला नव्हता. मंत्री त्याच दाराने आत निघाले होते. मला बघून थांबले, घाबरले, विचारलं काय झालं. मी कसंबसं सांगितलं, जेट्टीवरच्या त्या बाईला मुलगी झाली, पहाटे ती स्वतः चालत बोटीत गेली.

त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो तिच्या तब्येतीचा असेल असं मला वाटलं. आतून घंटा वाजत होती, पीए त्यांचा हात ओढत होता. दुष्काळी तालुक्यातला हा माणूस, ज्याला दोन महिन्यांपूर्वी पाणी कधी चढतं नि कधी उतरतं याचा पत्ता नव्हता, माझ्याकडे एकटक बघत हळूच म्हणाला, "ताई, भरती होती की ओहोटी?"

"ओहोटी," मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि लॉबीतल्या बाकावर मटकन बसले.